कोंबडीच्या इन्क्युबेटरमध्ये अजगराची अंडी चालतील का?

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार तरुणाचा प्रश्न आला आहे. तो थोडक्यात असा: "ताई, माझ्याकडे बॉल पायथनची, म्हणजे आफ्रिकेतल्या छोट्या अजगराची, जोडी आहे. दोघांची सरकारी नोंदणी झालेली आहे. मादी साडेतीन वर्षांची, वजन १,६५० ग्रॅम. नर ७०० ग्रॅमचा. डिसेंबरपासून अधूनमधून दोघांना एकत्र सोडत होतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मादी मधोमध एकदम फुगली आणि दुसऱ्या दिवशी उतरली. २३ मार्चला तिनं कात टाकली. जानेवारीपासून तिनं काही खाल्लेलं नाही. अंडी कधी देईल? विट्याला चुलत्यांची पोल्ट्री आहे. अंडी आपोआप फिरवणारा त्यांचा इन्क्युबेटर सध्या रिकामा आहे, तो आणला तर चालेल का?"

नाही चालणार. तो आणायला विट्याला जाऊच नका. चुलत्यांना राग येईल म्हणून आणलात, तरी त्यात अंडी ठेवू नका.

कोंबडीचा इन्क्युबेटर साडेसदतीस अंशांवर चालतो. अजगराच्या अंड्याला लागतात साडेएकतीस-बत्तीस अंश. तापमान खाली आणता येईल असं तुम्ही म्हणाल, पण खरा धोका त्या फिरवण्यात आहे. कोंबडीच्या अंड्यात बलक दोन्ही बाजूंनी पिळदार दोऱ्यांनी टांगलेला असतो. अंडं कसंही वळलं तरी गर्भ वरच्या बाजूला येतो. अंडं फिरवलं नाही तर गर्भ कवचाच्या पडद्याला चिकटून मरतो, म्हणून कोंबडी दिवसभर चोचीनं अंडी फिरवत असते. सापाच्या अंड्यात ते दोरे नसतात. अंडं घातल्यावर थोड्याच वेळात गर्भ वरच्या बाजूला जागा धरतो आणि त्याच्या रक्तवाहिन्या कवचाच्या आतल्या अंगाला पसरतात. त्याला ते चिकटणंच हवं असतं. असं अंडं उलटलं की गर्भ बलकाच्या भाराखाली येतो, कोवळ्या वाहिन्या ताणतात, तुटतात. कोंबडीला जे जगवतं तेच अजगराला मारतं. चुलत्यांचं यंत्र अंडी सारखी वळवत राहील आणि तुमचे गर्भ जगण्याची आशा राहणार नाही.

आता तारखेचं बोलू. तुम्ही फुगण्याचा दिवस टिपून ठेवलात याचं मला कौतुक वाटलं. बहुतेक लोकांच्या नजरेतून तो निसटतो, कारण तो फुगवटा एखादा दिवसच दिसतो. त्याच वेळी अंडाशयातून अंडी सुटतात. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मादी कात टाकते आणि कातेनंतर साधारण २५ ते ३५ दिवसांत अंडी घालते. २३ मार्चपासून मोजलं तर २२ एप्रिलच्या आगेमागे. पुढे ५५ ते ६० दिवस उबवण, म्हणजे पिल्लं जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. अंडी येतील तेव्हा तुमची खरड छाटणी चालू असेल, माणसं रानात असतील आणि घरी कुणाचं लक्ष नसेल. त्यामुळे तयारी आत्ताच करून ठेवायची, १५ एप्रिलनंतर काहीही जुळवायला घ्यायचं नाही. मादी खात नाही याची काळजी सोडा. अंगात अंडी असलेली बॉल पायथन महिनोन्महिने खात नाही. तिला उंदीर दाखवत राहू नका, पाणी तेवढं ताजं ठेवा.

हे उत्तर लांबवण्याचं खरं कारण पुढे आहे. अजगराची अंडी उबवण्यावर जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. त्यांची सगळी चिंता ऊब कशी द्यायची ही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत प्रश्न उलटा असतो: अंडी थंड कशी ठेवायची? साधा इन्क्युबेटर फक्त तापवू शकतो. खोलीच ३८ अंशांवर गेली तर थर्मोस्टॅट हीटर बंद करून गप्प बसतो आणि पेटीचं तापमान खोलीबरोबर वर चढत जातं. यंत्रावरचा लाल दिवा विझलेला असतो, पाहणाऱ्याला वाटतं सगळं ठीक चाललंय.

हे मी माझ्या हातानं घडवलेलं आहे. साताऱ्यात मी वीस वर्षं जनावरांची डॉक्टर आहे. रोजचं काम गायी-म्हशींचं आणि शेळ्यांचं, पण साप-कासवांची ओढ शिरवळला शिकत होते तेव्हापासूनची. बारा वर्षांपूर्वी माझ्याकडच्या मादीनं सात अंडी दिली. सातही पांढरीशुभ्र, टॉर्च लावला की आत लाल शिरांचं जाळं. वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या खोलीत थर्माकोलच्या पेटीत ती ठेवली होती. मे महिन्यात घरात लग्न होतं. तीन दिवस खोली बंद राहिली आणि मी एकदाही वर गेले नाही. चौथ्या दिवशी कमाल तापमान टिपणाऱ्या थर्मामीटरवर ३६.८ चा आकडा होता. अंडी बाहेरून तशीच दिसत होती. मी आणखी पंधरा दिवस वाट पाहिली आणि मग एकेक उघडलं. आत पूर्ण घडलेली पिल्लं होती, खवले आणि नक्षी सगळं जागच्या जागी, आणि सातही मेलेली. चाळीस दिवस त्यांनी वाढ केली होती. आजही उबवणीबद्दल कुणी विचारलं की मला आधी ती खोली आठवते.

म्हणून यंत्राच्या आधी जागा ठरवा. वरचा मजला नको, पत्र्याखाली नको, पश्चिमेच्या भिंतीला लागून नको. तुमच्याकडे जुनं माळवदाचं घर शाबूत असेल तर त्यातली आतली खोली सर्वांत उत्तम, मातीच्या जाड भिंती दुपारचा ताव आत येऊ देत नाहीत. नसेल तर तळमजल्यावरची उत्तरेकडची खोली घ्या. आजपासूनच तिथे किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर टांगा आणि आठवडाभर दुपारचे आकडे वहीत लिहा. खोली २९-३० च्या वर जात नसेल तर तापवणारी साधी पेटी पुरेल. ती ३२ ओलांडत असेल, आणि तासगावात एप्रिलअखेरीस बहुतेक घरं ओलांडतात, तर थंड करण्याची सोय हवीच.

मी आता वापरते ती व्यवस्था सांगते. जुना, पण चालू असलेला एक दाराचा लहान फ्रीज घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एसटीसी-१००० नावाचा थर्मोस्टॅट मिळतो. त्याला दोन वेगळे स्विच असतात, एक थंड करण्यासाठी आणि दुसरा तापवण्यासाठी. फ्रीजची वायर थंडाच्या बाजूला आणि हीटिंग वायर किंवा हीट मॅट तापवण्याच्या बाजूला जोडायची. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, अर्थिंगसकट. ३१.५ लावा, फरक अर्धा अंश ठेवा, म्हणजे ३१ ला ऊब सुरू होईल आणि ३२ ला फ्रीज. कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊ नये म्हणून त्यात काही मिनिटांचा विलंब लावायची सोय आहे, ती वापरा. आत कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवा, नाहीतर वर ३३ आणि खाली २९ असं होतं. उरलेल्या जागेत पाण्यानं भरलेल्या बाटल्या लावून ठेवा. पाणी तापायला आणि निवायला वेळ लागतो, तोच वेळ तुम्हाला वीज गेल्यावर उपयोगी पडतो. हे सगळं जोडून किमान दोन आठवडे रिकामं चालवा आणि अंड्यांच्या डब्याच्या जागी नुसता पाण्याचा डबा ठेवून त्यातलं तापमान टिपत राहा. थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, डब्यात वेगळा थर्मामीटर हवा. दोन ठेवलेत तर आणखी चांगलं, कारण स्वस्तातले थर्मामीटर एकमेकांशी एक-दीड अंशाचं भांडण सर्रास करतात. डॉक्टरी थर्मामीटर आणि ३६-३७ अंशांचं कोमट पाणी घेऊन कोण खरं बोलतंय ते आधी ठरवून घ्या.

फ्रीज जमत नसेल तर खोलीला कूलर लावा. आपली एप्रिलची हवा कोरडी असते, त्यामुळे कूलर छान चालतो. मात्र जूनमध्ये पाऊस आला की तो निरुपयोगी, पण तोवर गरजही संपलेली असते.

कोरड्या हवेवरून दुसरा मुद्दा. तुम्ही बेदाणा करणाऱ्या गावातले, तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. ज्या हवेत शेडवर टाकलेल्या द्राक्षांचा पंधरा दिवसांत बेदाणा होतो, त्या हवेत अंडं उघडं ठेवलं तर त्याचाही बेदाणाच होणार. अजगराच्या अंड्याचं कवच कोंबडीसारखं कडक नसतं, जाड चामड्यासारखं असतं आणि त्यातून पाणी सहज निसटतं. त्याला भोवतालची हवा नव्वद टक्क्यांच्या वर दमट लागते. पण अंग कोरडं लागतं. दमट हवा आणि ओलं अंडं यांतला फरक ज्याला कळला त्याला निम्मी उबवण कळली. अंड्यावर पाण्याचा थेंब पडून राहिला की तिथं कवचाचं श्वास घेणं थांबतं आणि बुरशी धरते.

त्यासाठी झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, पाच-सहा लिटरचा. दोन पद्धती आहेत. एकीत डब्यात व्हर्मिक्युलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारा हलका खनिज भुगा, भरतात. तुमच्या भागातल्या रोपवाटिकांत ते सहज मिळतं. शंभर ग्रॅम व्हर्मिक्युलाइटला ऐंशी ते शंभर ग्रॅम पाणी, मोजून. मूठभर घेऊन घट्ट दाबलं तर एखादा थेंब यावा, धार लागू नये. अंडी त्यात अर्धी रुतवायची. कोकोपीट वापरू नका, रोपवाटिकेतल्या कोकोपीटमध्ये खत मिसळलेलं असू शकतं आणि त्याला बुरशीही लवकर येते. दुसरी पद्धत मला जास्त पटते: डब्याच्या तळाशी दोन बोटं पाणी, त्यावर उंच पायांची प्लास्टिकची जाळी आणि जाळीवर अंडी. पाणी अंड्याला कुठंही शिवत नाही, हवा आपोआप दमट राहते आणि तळचं पाणी तापमानही धरून ठेवतं. नवख्या माणसाची पाण्याचं प्रमाण चुकण्याची भीती यात राहत नाही. झाकणाच्या आतून जमणारं पाणी अंड्यांवर ठिबकू नये म्हणून डबा एका बाजूनं किंचित उचलून ठेवा, थेंब घरंगळत कडेला जातात. डब्याला भोकं पाडायची गरज नाही. आठवड्यातून एकदा झाकण उघडून मिनिटभर हवा बदला. शेवटच्या दोन आठवड्यांत दोनदा, कारण पिल्लं मोठी झालेली असतात आणि त्यांना जास्त श्वास लागतो. त्याच सुमारास अंड्यांचा घड स्वतःही थोडी उष्णता देऊ लागतो, तेव्हा डब्यातला आकडा अर्धा अंश वर दिसला तर थर्मोस्टॅट तेवढा खाली घ्या.

आता मादीकडे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या पेटीत अंडी घालायला एक झाकणाचा डबा ठेवा, तिला गुंडाळून बसता येईल इतकाच मोठा, आत ओलसर मॉस, म्हणजे शेवाळ. नाहीतर ती पाण्याच्या भांड्यात अंडी घालते आणि बुडून राहिलेली अंडी वाचत नाहीत. पाण्याचं भांडं या काळात लहानच ठेवा. अंडी बहुतेक वेळा पहाटे येतात. ती अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली दिसली की दोन-चार तास जाऊ द्या, सगळी घालून झाली आहेत याची खात्री करा. काही अंडी आली, मग दीड-दोन दिवस गेले आणि पोटात अजून गाठ लागतेय, किंवा ती सतत जोर लावून थकलीय, तर सापांचं काम करणाऱ्या आणि सोनोग्राफी असलेल्या पशुवैद्याकडे न्या. गाईला देतात ते इंजेक्शन गावातल्या कुणाकडून टोचून घेऊ नका. सापात ते भरवशाचं नाही, आणि अंडं अडकलेलं असताना दिलं तर अंडनलिका फाटू शकते. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न तर अजिबात नको.

अंडी काढायला दोन माणसं लागतात. एरवी गरीब असलेली मादी अंड्यांवर बसलेली असताना चावते, हा तिचा हक्क आहे. तिच्या डोक्यावर जाडसर टॉवेल टाका, एकानं वेटोळं हळूहळू शेपटीकडून सोडवायचं, दुसऱ्यानं अंडी सांभाळायची. अंडी एकमेकांना चिकटून घड झालेला असेल. सहज सुटत असतील तरच सोडवा, नाहीतर अख्खा घड तसाच उचलून डब्यात ठेवा. आणि जागेवरून हलवण्याआधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीनं फुली मारा. स्केचपेन नको, शाई आत उतरते. ती फुली पुढचे दोन महिने आकाशाकडेच राहिली पाहिजे. एवढा एक नियम पाळलात आणि तापमान सांभाळलंत, तर बाकीच्या बारीकसारीक चुका अंडी पोटात घालतात.

किती अंडी येतील? बॉल पायथन तीन ते अकरा देते, बहुतेक वेळा पाच-सात. प्रत्येक साधारण ८० ग्रॅमचं. पिवळसर, लहान, सुरकुतलेलं, मेणासारखं दिसणारं अंडं भाकड असतं. तरी संशय असेल तर टाकू नका. अंधारात अंडं न हलवता खालून किंवा कडेनं टॉर्च लावा. गुलाबी उजेड आणि शिरांचं जाळं दिसलं तर ते जिवंत आहे. नुसता पिवळा उजेड दिसला तर आठवडाभरानं पुन्हा पाहा. जिवंत अंड्यावर थोडी बुरशी आली तर कोरड्या कापसानं टिपून घ्या. घडातलं एक मेलं तरी ते ओढून काढू नका, शेजारच्याचं कवच फाटतं. निरोगी अंडं सडक्याच्या शेजारी राहूनही त्यातून पिल्लू निघतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. पहिल्या महिन्यात अंड्याला खळगा पडला तर हवा कोरडी आहे, पाणी वाढवा, पण जाळीखाली. शेवटच्या पंधरा दिवसांत खळगे पडले तर घाबरू नका, आतलं पाणी पिल्लानं वापरलेलं असतं. याच वेळी घाबरून लोक अंड्यांवर पाणी फवारतात आणि फुटायला आलेली पिल्लं गुदमरवतात.

वीज. मे महिन्यात वळीव आला की तारा तुटतात आणि चार-सहा तास वीज येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. थंडी पडली तर काय, असं तुम्हाला वाटेल, पण अंडी काही तास २६-२७ अंशांवर गेली तर फक्त वाढ मंदावते, ती मरत नाहीत. वळवानंतर हवाही गार झालेली असते, तेव्हा दार बंद ठेवून स्वस्थ बसा. धोका आहे तो भर दुपारी वीज जाण्याचा. ३३ च्या वर आकडा सरकला की टॉवेलमध्ये गुंडाळलेली बर्फाची बाटली फ्रीजच्या तळाशी ठेवा, अंड्यांच्या डब्याला न टेकवता, आणि आकडा ३१.५ वर आला की काढून घ्या. ३४ च्या वर काही तास राहिलं तर वाकड्या कण्याची पिल्लं निघतात किंवा निघतच नाहीत. तापमान चढल्यावर मोबाइलवर सूचना देणारे वायफायचे सेन्सर आता मिळतात. माझ्या त्या सात अंड्यांच्या वेळी असा एक असता तर! रानात जाताना मोबाइल बरोबर ठेवा आणि घरी आईला किंवा जे कुणी असेल त्याला बाटली कुठं ठेवायची ते आधी दाखवून ठेवा.

अंडी मादीजवळच ठेवली तर काय, असंही काहीजण विचारतात. ठेवता येतात. ती दोन महिने घट्ट वेटोळं घालून ओलावा राखते. पण बॉल पायथन आपल्या अंगानं फारशी ऊब तयार करत नाही, त्यामुळे पेटीचं तापमान तुम्हालाच सांभाळावं लागतं. शिवाय ती आणखी दोन महिने उपाशी राहते. आपल्या भारतीय अजगराचं तसं नाही. त्याची मादी अंड्यांवर बसून स्नायू आखडत राहते, लयीत थरथरते आणि स्वतःला तापवते. थंड रक्ताचा प्राणी ऊब देतो हे आधी कुणाला खरं वाटत नव्हतं. १८४१ मध्ये पॅरिसच्या प्राणिसंग्रहात ते मोजून दाखवलं गेलं आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्कला बर्मी अजगराच्या मादीवर नीट प्रयोग करून सिद्ध झालं. अंड्यांवर बसलेली अजगरी पाहिली आहे का कधी? उचकी लागल्यासारखं सगळं वेटोळं हलत असतं.

हे सांगण्याला कारण आहे. तुमच्याकडे अंडी उबली की गावभर बातमी होते आणि मग कुणीतरी उसाच्या फडात जेसीबीखाली सापडलेली अजगराची अंडी तुमच्या दारात आणून ठेवतो. वारणेच्या आणि कृष्णेच्या काठी, चांदोलीच्या बाजूला, हे दर उन्हाळ्यात घडतं. ती घेऊ नका. भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो, त्याची अंडी, पिल्लं, काहीही घरात ठेवणं गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं आणि दंड किमान २५ हजार. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा आणि अंडी जिथं आहेत तिथंच, त्याच बाजूनं, सावली करून ठेवायची. जमलं तर मादीला तिथून हुसकायचं नाही, तिच्यापेक्षा चांगला इन्क्युबेटर कुणाकडेच नाही. कराड तालुक्यात एकदा मादी निघून गेलेली होती आणि घरटं पुरतं उद्ध्वस्त झालं होतं, तेव्हा वनविभागानं २२ अंडी त्यांच्या देखरेखीखाली उबवायला मला बोलावलं. मी वर लिहिलंय तीच पद्धत, तोच जाळीचा डबा, फक्त मोठा. १७ पिल्लं निघाली आणि त्याच आठवड्यात त्याच ओढ्याकाठी सोडली. त्यांतलं एकही कुणाच्या घरी गेलं नाही.

बॉल पायथन आफ्रिकेतला असला तरी त्यालाही कायदा आहे. त्याच कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. नुसत्या जोडीची नोंदणी पुरत नाही. पिल्लांचा जन्म, एखादं मेलं तर तो मृत्यू, कुणाला दिलं तर ते हस्तांतर, सगळं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर मुदतीत नोंदवावं लागतं. अंडी येण्याआधी सांगलीच्या वन कार्यालयात जाऊन पिल्लांबद्दल काय काय लागेल ते लेखी विचारून घ्या. हे काम जूनवर ढकलू नका.

पिल्लांचं तोंड बाहेर दिसलं की तुमची खरी परीक्षा सुरू होते. पिल्लू वरच्या जबड्याच्या टोकावरच्या बारीक दातानं कवच चिरतं, नाक बाहेर काढतं आणि तसंच बसून राहतं. एक दिवस, कधी दोन दिवस. या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. कात्री घेऊन मदतीला जाऊ नका, बाहेर ओढू नका. बलकाची पिशवी फाटली तर ते पिल्लू गेलं. बाकीच्या अंड्यांना चीर पडून दोन दिवस झाले आणि एखादं तसंच राहिलं, तर फुलीच्या जागी अगदी लहान चीर देतात, पण पहिल्या खेपेला तुम्ही ते करू नये असं माझं मत. तापमानावरून नर-मादी ठरते, ही ऐकीव गोष्टही सोडून द्या. ते सुसरीत आणि कासवांत होतं, अजगरात नाही.

पिल्लं ५०-६० ग्रॅमची असतील. प्रत्येकाला वेगळा छोटा डबा, ओला टिश्यू पेपर आणि पाणी. आठवडा-दहा दिवसांनी पहिली कात टाकतात, त्याआधी खायला घालायचं नाही. मग केस फुटू लागलेलं उंदराचं लहान पिल्लू, शक्यतो गोठवलेलं, कोमट करून. रानातले उंदीर कधीही देऊ नका. उसात आणि बागेत झिंक फॉस्फाईड टाकलेलं असतं, ते खाल्लेल्या उंदरामुळे साप मेलेले मी टेबलावर उघडून पाहिले आहेत. बागेत औषध फवारून आलात तर अंघोळ करून, कपडे बदलूनच सापांच्या खोलीत जा. आणि सापांना हात लावल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय घरातल्या लहान मुलाला घेऊ नका, साल्मोनेला हा जंतू सापाला सहसा काही करत नाही पण बाळाला करतो.

खरं तर हे डिसेंबरात विचारायला हवं होतं, पण आता विचारते. सहा पिल्लं झाली तर ती जाणार कुठं? हा प्राणी वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात साठीच्या पुढची बॉल पायथन २०२० मध्ये अंडी देती झाली होती. तुमच्या लग्नानंतर, तुमची मुलं मोठी झाल्यावरही ही पिल्लं कुणाच्या तरी घरी असतील. नोंदणी करून घ्यायला जो कंटाळा करतो त्याला पिल्लू देऊ नका, मग तो कितीही पैसे देवो. नक्षीच्या हौसेपायी स्पायडर नावाची जात कुणी गळ्यात मारत असेल तर तीही घेऊ नका. त्या जनुकाबरोबर डोकं हेलकावण्याचा मेंदूचा दोष येतोच, काहीत थोडा, काहीत इतका की भक्ष्यावर तोंड मारता येत नाही.

अंडी काढल्यावर मादीला कोमट पाण्यानं हळूच धुवा आणि पेटी पूर्ण स्वच्छ करा, अंड्यांचा वास गेला की ती खायला लागते. पहिली दोन-तीन भक्ष्यं लहान द्या. अंड्यांनी आणि उपासानं तिचं वजन चौथ्या हिश्श्यानं किंवा त्याहून जास्त उतरलेलं असेल. दर पंधरा दिवसांनी वजन करून त्याच वहीत लिहा, आणि डिसेंबरपर्यंत ती पुन्हा १,६०० च्या वर आली नाही, तर त्या हंगामात नराला दुसऱ्या खोलीत ठेवा.